उजव्या दंडावरची खूण

टेंभुर्णीच्या ग्रामपंचायतीच्या हॉलात चाळीस माणसं बसली होती आणि रक्त द्यायला एकही उठत नव्हता. दुपारच्या आत नमुने बर्फाच्या पेटीत गेले नाहीत, तर दैवशाला पुण्याच्या प्रयोगशाळेत रिकाम्या हातानं परतणार होती. मागच्या खुर्चीत तिची आई, उषाबाई, बसली होती. बारा वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत पस्तीस वर्षं ती या गावात नर्स होती. या सगळ्यांना बाळपणी क्षयाची लस, बीसीजी, तिनंच टोचली होती.

"जन्मल्यावर टोचलेली सुई रक्ताच्या आजवर ध्यानात राहीन का?" पंचेचाळिशीच्या पुंजारामनं विचारलं.

"काका, तेच शोधून राह्यले," दैवशाला म्हणाली. "रक्तात काही पहारेकरी पेशी असतात. कोणताही जंतू दिसला की तुटून पडतात. त्यांना मागचं काही आठवत न्हाई, असंच आम्ही शिकलो. पण लसीतल्या जंतूंशी एकदा गाठ पडली, की त्या दुसऱ्या जंतूवरही जल्दी धावतात. ही आठवण किती टिकते, ते पाहायचंय."

"तुला टोचलंय का पण?"

दैवशालानं बाही वर सारली. उजवी. हॉलात कुजबुज झाली. गावात सगळ्यांची खूण डाव्या दंडावर.

"बाईचा हात तर कधी चुकला न्हाई," पुंजाराम म्हणाला. "ही सुई दुसऱ्याच कोणाची दिसते."

उषाबाई उठली. चौतीस वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझीच हाय. पोटची पोर होती. हात थरथरला, डावा-उजवा सुधरलाच न्हाई." मग ती टेबलापाशी जाऊन बसली. "आधी माझं घे. मला कोणी टोचलं न्हाई. बिगर सुईचं रक्तबी लागंल ना तुला?"

"लागतं, आई. ताडून पाहायला."

दैवशालानं पट्टा आवळला, शीर चाचपली. आईची शीर बारीक, सारखी निसटणारी. सुई एकाच खेपेत गेली. नळी भरली.

उषाबाईची मान ताठ झाली. अभिमान लपवायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

"बघितलं का?" ती हॉलाकडे वळून म्हणाली. "आईला टोचलं, पण हिचा हात हालला न्हाई."

पुंजारामनं शर्टाची डावी बाही वर सरकवली. त्याच्यामागं आणखी बाह्या वर गेल्या, आणि एकेका दंडावर, खांद्याच्या हाडाखाली, उषाबाईच्या हातची तीच गोल खूण.