मृण्मयीचा आराखडा

बैठकीची तयारी म्हणून वैजयंतीने लेकीच्या शाळेने तिच्यासाठी दरवर्षी बनवून दिलेले वैयक्तिक शिक्षणाचे तिन्ही आराखडे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उजेडात ओळीवर ओळ तंतोतंत बसली. ‘मृण्मयीला स्वतःचं नाव लिहिता येत नाही.’ बदललं होतं ते फक्त साल. घरी तेच नाव फ्रिजवर, दारामागे, बाबांच्या चपलेवरसुद्धा तिनेच खडूने लिहिलेलं होतं.

शाळेत विशेष शिक्षिकेने चौथा आराखडा पुढे सरकवला. मजकूर तोच; शेवटी एकच वाक्य वाढलं होतं. ‘पुढील वर्षी मुलीला या शाळेत ठेवता येणार नाही.’

“इथे सही करा, ताई,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “नावच एवढं अवघड ठेवलंत, पोरीने लिहावं तरी कसं?”

“तिला कधी लिहायला सांगितलंत?” वैजयंतीने विचारलं. शिक्षिका पंख्याकडे बघू लागल्या.

वैजयंतीने पेन शेजारी बसलेल्या लेकीच्या हातात दिलं. मृण्मयीने जीभ दातांत धरली आणि ‘लिहिता येत नाही’ याच्या खालीच सावकाश, अर्ध्या ‘ण’सकट स्वतःचं नाव लिहिलं.

कागद वैजयंतीने शिक्षिकेपुढे सरकवला. “आता तुम्ही सही करा, बाई. तारीख आजची घाला.”