सेवेचा फोटो

नीटमध्ये दोनदा मार्क कमी पडले, म्हणून स्नेहलनं परदेशातल्या मेडिकल कॉलेजला अर्ज करायचं ठरवलं. लोणावळ्यातले सल्लागार म्हणाले, "अर्ज कच्चा आहे. रुग्णसेवेचा एखादा फोटो जोडा."

ऐन भातलावणीत कार्ल्यात रुग्ण कुठून आणायचा? शेवटी तिच्या भावानं, पप्पूनं, शेतातून लवकर परतलेल्या दत्तोबाकाकांनाच ओट्यावर बसवलं.

"काका, छातीत दुखतंय असं दाखवा."

"दुखतंयच की सकाळपासनं," काका छाती धरत म्हणाले.

"लय भारी!" पप्पू फोटो काढत सुटला.

फोटोसाठी स्नेहलनं त्यांचं मनगट धरलं होतं; खरंच नाडी बघायला गेली, तर हात गार पडलेला. काका एका अंगावर कलंडायला लागले.

"पप्पू, गाडी आण! काका नाटक करत न्हाईत!"

काका वाचले. दवाखान्याच्या बाकावर पप्पूनं मोबाईल तिच्यापुढं धरला. "ताई, आता तर पेशंट खरा हाय. लाव की हाच."

स्नेहलनं एकदाच बघितलं आणि फोटो पुसून टाकायला सांगितलं.

काका घामाघूम होऊन कळ सोसत होते, आणि त्यांचं मनगट हातात धरून ती कॅमेऱ्याकडं बघून हसत होती.