शेवटची कॅसेट

नर्स असलेली धाकटी बहीण आईला भेटायला आली, तर आजारी आई हॉलमध्ये चपलांच्या रॅकशेजारी गादीवर पडलेली. चादरीला आंबूस घाण येत होती. आईच्या खोलीत भाऊ जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट बाळाचं नाक पुसावं तशी हळुवारपणे स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होता. भिंतभर कॅसेटी रचलेल्या. “ही शेवटची! संग्रह पूर्ण झाला,” तो हरखून म्हणाला. “मग आईची खोली मोकळी कर. पूर्ण होईपर्यंतच मागितली होतीस ना?” “अगं, आता मूळ खोक्यांसकट दुसरा सेट जमवायचाय. असा संग्रह कधी संपतो का? आणि आईची कुठे तक्रार आहे?” तिने आईला पुसून घेतलं, कपडे बदलले, औषधं पिशवीत भरली. “चल आई, माझ्याकडे.” “दार लावून घे गं,” आतून तो ओरडला, “कॅसेटींवर धूळ बसते.” तिने दार सताड उघडं ठेवलं.