वीस थडग्यांची माती

"आत थडगं एकच आहे ना?" फादर गोझविनने विचारलं.

"एकच," रिखलिंड म्हणाली. टोपलीतली मूठभर माती तिने बोटांनी चुरून पाहिली आणि मग समोरच्या यात्रेकरूच्या फडक्यात घातली.

नदीकाठच्या त्या चर्चच्या कोठडीत तिची आई, एर्मगार्ड, अकरा वर्षं होती. आत पाठवताना तिच्यावर मृतांची प्रार्थना म्हटली गेली आणि दाराच्या जागी दगड रचले गेले. अशी बाई रोज थोडं थोडं स्वतःचं थडगं खणते, ही तिथली रीतच. निघालेली माती एर्मगार्ड खिडकीच्या काळ्या पडद्याखालून बाहेर सरकवी. त्या मातीने ताप उतरतो, असं लोक सांगत. जिवंतपणीच तिला संत म्हणू लागले होते.

बिशपला संशय आला, म्हणून त्याने गोझविनला पाठवलं. गोझविनचा संशय त्याहून मोठा होता. एवढ्या मातीत वीस थडगी झाली असती. पोरगी शेतातून टोपल्या भरून आणते, दुसरं काय? लबाडी निघाली तर म्हातारीला थेट बिशपच्या तुरुंगात नेणार, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"आपखुशीने गेली ती आत?"

"काका तसं सांगतात."

काका म्हणजे हुनो. वडील वारले त्याच वर्षी एर्मगार्ड आत गेली आणि त्यांची पाणचक्की हुनोकडे आली.

"आणि हाताला हे डांबर कसलं?"

"होडीला लावलं, फादर. पलीकडच्या यात्रेकरूंना आणावं लागतं."

"संताच्या लेकीला धंदा बरा जमला."

रिखलिंडने पुढच्या यात्रेकरूचं फडकं ओढून घेतलं.

तीन दिवस गोझविनने तिला खिडकीजवळ फिरकू दिलं नाही. भाकरी-पाणी स्वतः आत दिलं, जेवलाही तिथेच. तरी रोज सकाळी पडद्याखालून माती आली. काळी, ताजी, आणि आधीपेक्षा जास्त. तिसऱ्या दिवशी त्याने गुडघे टेकले. झग्यावर सांडलेली माती झटकली नाही.

चमत्कार खरा असल्याचं त्याने लिहून दिलं, खाली मोहोर उठवली. आता नऊ दिवस कुणी तिकडे जायचं नाही, संत बाईला एकांत हवा, असंही गावाला बजावलं. हुनोने सगळ्यांत आधी मान डोलावली.

निघताना गोझविन थांबला. "पोरी, मी तुझ्यावर संशय घेतला."

"घ्यायलाच हवा होता, फादर," रिखलिंड म्हणाली.

त्याचा घोडा वळणाआड गेल्यावर ती खिडकीशी आली आणि पडद्याखाली हात धरला. मूठभर काहीतरी तळव्यावर पडलं. तिने ते उजेडात नेलं. माती काळी नव्हती. ती नदीकाठची ओली, पिवळी वाळू होती, आणि तिच्यात लव्हाळ्याचं एक हिरवं मूळ.

रिखलिंडने टोपली तिथेच ठेवली आणि होडी सोडायला निघाली.