वारसाच्या रकान्यातली मंजुळा

पोस्टमास्तरांनी अर्ज गजेंद्रकडे फिरवला आणि वारसाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "या बाईंना घेऊन या. सोबत ओळखीचा कागद असू द्या."

रकान्यात वडिलांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, मंजुळा. पुढे नातं : पत्नी.

गजेंद्रच्या आईचं नाव झुंबरबाई.

वडील, उकंडराव, जाऊन महिना झाला होता. वडनेर भोलजीच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर ते एक दिवसाआड शेगावच्या खानावळींना पोचवायचे. दरवर्षी कांदा विकला, की घरात चकार शब्द न काढता पोस्टात पाच वर्षांची ठेव ठेवायचे. मुदत संपली की व्याजासकट तीच पुन्हा ठेवायचे. अकरा अर्जांच्या प्रती त्यांनी रबर लावून पिशवीत जपल्या होत्या. रक्कम ऐकून गजेंद्रचे डोळे भरून आले होते. आईचं म्हातारपण आता कुणापुढे हात न पसरता जाणार होतं. मग ते नाव दिसलं. अकराही अर्जांवर तेच.

एक दिवसाआड शेगाव! कधी कधी तर मुक्कामही. साधी वाटलेली प्रत्येक गोष्ट आता त्याला वेगळीच दिसू लागली.

पाच दिवस कागद मोटारसायकलच्या डिकीत राहिले. जेवताना त्याचा घास हातातच राहायचा. बायको सुचितानं थट्टेनं विचारलंही, की पोस्टात गेला होता का कोर्टात. दोनदा त्यानं कागद चुलीपर्यंत नेले. ठेव बुडाली तरी चालेल, पण आईचा चाळीस वर्षांचा संसार बुडायला नको, असं त्याला वाटे. तिला माहेरचंही कुणी नव्हतं. मामीनं वाढवलं, लग्न लावून दिलं आणि ते दार कायमचं लागलं.

सहाव्या दिवशी आई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. त्यानं आडून आडून विचारलं, बाबांच्या ओळखीत मंजुळा नावाचं कोणी होतं का. आईचा हात थांबला.

"काऊन?"

आता लपवणं शक्य नव्हतं. त्यानं अर्ज तिच्यापुढे धरला. ती सातवी शिकलेली. तीन शब्द वाचायला तिनं फार वेळ लावला. मग उठली, ट्रंकेतून कसलासा कागद काढून पदराखाली घेतला आणि पोस्टात चाल म्हणाली. उद्या जाऊ, असं गजेंद्र म्हणत राहिला. ती तोवर चपला घालून दारात उभी होती.

पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मंजुळाबाई कोण?"

गजेंद्रनं नकळत दाराकडे मान वळवली.

शेजारची खुर्ची सरकली. "हाव, मीच," आई म्हणाली.

तिनं टेबलावर शाळा सोडल्याचा पिवळा पडलेला दाखला ठेवला. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आणि तेव्हापासून जुन्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. नव्या नवरीनं एकदाच, मळ्यात वाफे करताना नवऱ्याला म्हटलं होतं, की माहं पहिलं नाव बरं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "घरात ते नाही चालणार. पण जिथं माह्या हातानं लिहाचं असन, तिथं तुहंच नाव लिहीन." ती ते विसरूनही गेली होती.

पोस्टमास्तर मवाळले. दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र करून आणा, म्हणजे काम झालं, असं त्यांनी सांगितलं. आणि यापुढे वारसाचं नाव आधारवर असेल तसंच लिहा, घरात सांगूनही ठेवा, हे शाळेतल्या पोरांना सांगावं तसं दोनदा बजावलं. गजेंद्र मान डोलावत राहिला. त्याला मान वर करून आईकडे पाहवत नव्हतं.

ती एकेका अर्जावरून बोट फिरवत होती. शेवटच्या अर्जावर बोट थांबलं, तेव्हा तिनं तिथंच हात जोडले.

"किती झाले रे?"

गजेंद्रनं रक्कम सांगितली.

"पैसे नाही, बापू. नाव. नाव किती डाव लिहिलं तुह्या बाबानं?"