गप्प जोडणी

“पुन्हा रीस्टार्ट करा आणि मोकळे व्हा,” साहेब म्हणाले.

“नको,” वहिनी म्हणाली. “आज बिघडू दे. बघू कुठे बिघडतंय.”

इस्पितळाच्या संगणक विभागात डेटाबेसचा सर्व्हर वहिनीकडे होता आणि वेब सर्व्हर तिच्या धाकट्या नणंदेकडे. रक्तपेढीच्या साठ्याचं पान गेले काही दिवस मध्येच अडकायचं. वेब सर्व्हर म्हणायचा, डेटाबेस सापडत नाही. डेटाबेस म्हणायचा, मी इथेच तर आहे. रीस्टार्ट केलं की दोघं शहाण्यासारखे वागायचे. पाठ फिरली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. साहेबांनी आज सकाळीच निकाल लावून टाकला होता, दोष वेब सर्व्हरचा. नणंद अजून कच्च्या नेमणुकीवर होती. वहिनीचा सर्व्हर धुतल्या तांदळासारखा. हात झटकून ती जेवायला जाऊ शकली असती.

ती खुर्ची ओढून नणंदेशेजारी बसली.

“सकाळी एवढी गर्दी होती, तेव्हा अडकलं?”

“नाही. जरा निवांत झालं की अडकतं.” नणंद बोलता बोलता थांबली. “हे उलटंच आहे गं, वहिनी.”

“उलटं आहे म्हणूनच सापडेल.”

वहिनीने रक्तपेढीला फोन लावला. साठा थोडा वेळ तोंडी सांगा, पानाला कोणी हात लावू नका. साहेब चुळबुळ करू लागले. वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया चालू होती.

“काही कमीजास्त झालं तर?”

“माझं नाव सांगा.”

खोलीत नुसती पंख्याची घरघर. पुरेसा वेळ गेल्यावर वहिनी म्हणाली, “आता पान उघड.”

पान अडकलं. वहिनीने आपल्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे आल्यागेल्याची नोंदवही, उघडला. तिच्या दारात कोणी आलंच नव्हतं. नणंदेच्या लॉगमध्ये मात्र निरोप निघाल्याची नोंद होती, मघाच्याच उघड्या जोडणीवरून.

“तू पाठवलंस, मला मिळालं नाही. मग वाटेत कोण बसलंय?”

दोघींनी एकदमच साहेबांकडे पाहिलं. दोन सर्व्हरच्या मध्ये सुरक्षेसाठी नवा फायरवॉल त्यांनीच हौसेने बसवून घेतला होता. जोडणी काही वेळ गप्प राहिली की तो ती परस्पर कापून टाकत होता, आणि कापल्याचं दोन्हीकडे कुणालाच कळवत नव्हता.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “उपाय?”

“तो आमच्या वन्संच्या हातात आहे,” वहिनी म्हणाली आणि खुर्ची मागे सरकवली.

नणंदेने वेब सर्व्हरची मांडणी बदलली. काम नसलं तरी तो आता डेटाबेसला अधूनमधून हाक मारणार होता; ओ आली नाही, तर मेलेली जोडणी टाकून नवी धरणार होता. पुन्हा सगळे थांबले. पुन्हा तिने पान उघडलं. साठा डोळ्यांसमोर. पाठोपाठ रक्तपेढीचा फोन आला, “आमच्याकडेही दिसतंय.”

साहेब आपल्या खोलीकडे निघाले. जाताना दार मात्र हळू लावलं.

“वहिनी,” नणंद म्हणाली, “सकाळी जिन्यात मी रडत होते. घरी बोलू नकोस.”

“कधी?” वहिनीने डब्याचं झाकण काढलं. “मी तर लॉग वाचत होते.”