नळीवरचा नंबर

परदेशातून आलेल्या, खोकणाऱ्या प्रवाशांच्या नाकातला नमुना घ्यायचा, म्हणजे फ्लूचा विषाणू कसं रूप बदलतोय ते कळतं. सुरत विमानतळावर प्रज्ञाचं हे रोजचं काम. त्या सकाळी दुबईच्या विमानातून उतरलेल्यांच्या रांगेत खोकत उभा असलेला मगनशेठ दिसला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुरतेतल्याच लिंबायत भागातल्या त्याच्या कापड कारखान्यात तिचे बाबा श्रीपत एकवीस वर्षं चौदा नंबरच्या मागावर राबले. शेठनं त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. घरचे सगळे गावी असताना बाबा तापानं मागावरच कोसळले. दवाखान्यातून नाव विचारायला फोन आला, तर शेठ म्हणाला, "नाव कोण ध्यानात ठेवतो? चौदा नंबर होता." बाबांचं प्रेत दोन दिवस बेवारशी पडून राहिलं.

"शेठ, तुम्ही जरा बाजूला थांबा," असं म्हणत प्रज्ञानं मागच्या दोघांना पुढं घेतलं. मग आणखी एकाला.

शेठ भडकला. "ए छोकरी! पर्वत पाटियाच्या बाजारात जाऊन मगनशेठचं नाव विचार, मग कळेल मी कोण ते!"

"नाव लिहायची पद्धत नाही इथं. नळीवर फक्त नंबर असतो." तिनं हातातल्या तेराव्या नळीचं झाकण घट्ट केलं. पुढची नळी उचलली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी हाक मारली,



"ए चौदा नंबर, इकडं ये!"